इंजिनाला घाम फुटतो तेव्हा...

बाबांकडून मिळालेली जुनी गाडी, पॅकिंगमधून झिरपणारं तेल आणि गुपचूप कमी होणारं कूलंट. गाडी भंगारात द्यायची की इंजिन खोलायचं? गॅरेजमध्ये तीन दिवस उभं राहून मिळालेलं हे उत्तर.

तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकदा नीट नजर टाका. चकाचक एसयूव्हींच्या रांगेत एखादी जुनी सॅण्ट्रो, एखादी चौकोनी वॅगन-आर, एखादी गोलमटोल झेन हमखास दिसेल. कुणाला ती वडिलांनी दिलेली असते, कुणी ती ऑफिसातल्या सीनियरकडून स्वस्तात घेतलेली असते. ईएमआय शून्य, पार्किंगला जागा कमी, ओरखडा पडला तरी छातीत कळ नाही. पहिल्या-दुसऱ्या जॉबमध्ये अजून काय पाहिजे?

फक्त गाडी काढल्यावर मागे जमिनीवर राहिलेला डाग बघा. काळा, रुपयाच्या नाण्याएवढा. ‘जुनी गाडी आहे, थोडं तेल टाकणारच’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण डागाडागांत फरक असतो आणि तो ओळखता आला, तर पुढचे काही हजार रुपये वाचतात.

डाग काय सांगतो?

सोपी टेस्ट आहे. रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा टाका आणि सकाळी बघा. काळपट-तपकिरी, चिकट डाग म्हणजे इंजिन ऑइल. हिरवट, गुलाबी किंवा निळसर, बोटाला बुळबुळीत लागणारा आणि गोडसर वासाचा डाग म्हणजे कूलंट. लालसर तेल असेल, तर पॉवर स्टिअरिंग किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा संशय घ्यायचा. एसी लावून आल्यानंतर पडलेलं स्वच्छ, बिनवासाचं पाणी मात्र एसीचंच असतं, त्याचं टेन्शन नको.

कूलंटचा डाग दिसला, तर लगेच पुसून टाका. त्यात बहुतेक वेळा एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड असतं, म्हणून सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यांच्यासाठी ते जीवघेणं विष आहे.

सगळ्यात फसवा प्रकार तिसराच. पुठ्ठा कोरडा, तरी कूलंटच्या बाटलीतली पातळी खाली. म्हणजे ते बाहेर पडत नाहीये. मग जातंय कुठे?

माझ्या झेनची हीच तक्रार होती.

दादा विरुद्ध झेन

गाडी २००४ ची. मारुतीने झेन १९९३ मध्ये बाजारात आणली आणि तिचं उत्पादन २००६ मध्ये थांबवलं. ९९३ सीसीचं, सगळं अॅल्युमिनियमचं इंजिन हे तेव्हा तिचं मोठं कौतुक होतं. हलकी, चपळ, कुठल्याही गल्लीत वळणारी. बाबांनी ती नवी कोरी घेतली, वीसेक वर्षं साताऱ्यात जपून चालवली आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर किल्ली माझ्या हातात दिली. पंधरा वर्षांनंतरची फिटनेस तपासणी आणि दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण हे सगळं त्यांनी वेळच्या वेळी केलेलं.

माझं काम फ्रीलान्स. महिन्याचा पगार नाही, चेक येईल तेव्हा दिवाळी. त्यात आईला दर महिन्याला डोळ्यांच्या तपासणीसाठी साताऱ्याहून पुण्यात आणावं लागतं. म्हणजे दर महिन्याला जाताना खंबाटकी घाट आणि येताना शेजारी आई. गाडी ही आमच्या घरात चैन नाही.

मार्चमध्ये मी कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारून ठेवली होती. आठ दिवसांत पातळी दोन बोटं खाली गेली. खाली जमीन कोरडी. चांदणी चौकाच्या चढावर तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकलेला दिसला, तशी मी गाडी सरळ कोथरूडमधल्या आमच्या मेकॅनिककडे नेली. त्यांना सगळे मामा म्हणतात. दोन गाड्या जेमतेम मावतील एवढं गॅरेज, पण पाने भिंतीवर नंबराने लावलेले.

संध्याकाळी दादाचा बंगळुरूहून फोन. ‘‘अगं, भंगारात दे ना ती. इंजिन खोललं की खर्चाला अंत नसतो. एखादी सेकंडहॅण्ड ऑटोमॅटिक घे.’’ त्याचं अगदीच चूक नव्हतं. या गाडीचे बाजारात पन्नास हजारही आले नसते. बाबा फोनवर फक्त म्हणाले, ‘‘तुला जे योग्य वाटेल ते कर गं.’’ आणि मग विषय बदलून आंब्याबद्दल बोलायला लागले. त्यावरून काय ते समजायचं.

मी एक आकडा ठरवला. पंचवीस हजार. त्याच्या आत झालं तर दुरुस्ती, वर गेलं तर झेनला निरोप.

कुकरची रिंग

मामांनी आधी इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. मग रेडिएटरचं झाकण उघडलं, गाडी चालू केली आणि मला आत बघायला सांगितलं. पाण्यात एकसारखे बुडबुडे. ‘‘ताई, ही हवा सिलिंडरमधून येतीय,’’ ते म्हणाले. मग चारही प्लग काढून ओळीत मांडले. तीन प्लग तपकिरी, एक धुतल्यासारखा स्वच्छ. कॉम्प्रेशन मोजलं, तर शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचा दाब कमी. निदान पक्कं झालं : हेड गॅस्केट गेलं.

गॅस्केट, गॅरेजच्या भाषेत पॅकिंग, म्हणजे नक्की काय? घरातला प्रेशर कुकर आठवा. भांडं मजबूत, झाकण मजबूत, पण मधली रबराची रिंग कडक झाली की वाफ बाजूने निघते. इंजिनचंही तसंच. धातूचे दोन भाग कितीही गुळगुळीत घासले, तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी राहतात. त्या बुजवायला मध्ये पॅकिंग असतं. कुठे रबर, कुठे कॉर्क, कुठे कागद, तर हेडखाली धातू आणि ग्रॅफाइटसारख्या साहित्याचे थर.

हेड गॅस्केटचं काम सगळ्यात अवघड. एकाच पातळ चकतीने सिलिंडरमधला स्फोटाचा दाब, वंगणाचं तेल आणि गरम कूलंट या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवायचं. ते कुठे फाटलं त्यावर लक्षणं ठरतात. कूलंट सिलिंडरमध्ये गेलं, तर सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर आणि बाटलीतली पातळी कमी. सिलिंडरचा गॅस कूलंटमध्ये शिरला, तर रेडिएटरमध्ये बुडबुडे. तेल आणि पाणी एकत्र झालं, तर तेलाच्या झाकणाखाली दुधाळ, कॉफीच्या फेसासारखा थर. असा थर खूप जमला, तर गाडी चालवूच नका, कारण त्या मिश्रणाने बेअरिंगला वंगण मिळत नाही. (थंडीत अगदी छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थोडा फेस नुसत्या दमटपणानेही येतो. म्हणून एका लक्षणावर निकाल द्यायचा नाही.)

आणि पॅकिंग फक्त वापरानेच जातं असं नाही. रोज तापणं आणि रोज थंड होणं यात धातू प्रसरण पावतो, आकुंचन पावतो. रबर हळूहळू कडक होतं, चिरतं. नुसत्या उभ्या राहिलेल्या गाडीचे ऑइल सीलसुद्धा सुकतात. म्हणजे ‘कमी चाललेली गाडी’ हे पॅकिंगच्या बाबतीत सर्टिफिकेट नव्हे!

थर्मोस्टॅट गायब!

दुसऱ्या दिवशी हेड उतरवायला घेतलं. आधी पाइप सुटले आणि थर्मोस्टॅटचं घर उघडलं. घर होतं, घरमालक नव्हता. कधीतरी कुठल्यातरी गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट काढूनच टाकला होता.

आपल्याकडे हा जुना फंडा आहे. ‘आपला देश गरम, थर्मोस्टॅट पाहिजे कशाला? काढला की गाडी थंड!’ ऐकायला लॉजिकल वाटतं, पण थर्मोस्टॅट हा इंजिनचा वॉचमन आहे. इंजिन थंड असताना तो रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर योग्य तापमानाला येतं. मग साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास तो उघडतो. तो नसेल, तर इंजिन बराच वेळ गार राहतं, पेट्रोल जास्त लागतं, झीज वाढते आणि तेलात ओलावा साचतो. बाबा म्हणायचे, ‘‘थंडीत काटा वरच येत नाही, काय छान गाडी आहे.’’ त्याचं रहस्य हे!

वॉटर पंपाची कहाणी वेगळी. पंपाच्या पोटाला मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. आतला सील गळायला लागला की त्यातून थेंब बाहेर येतात आणि वाळून खपली धरते. आमच्या पंपाखाली हिरवट-पांढरी खपली होती. रेडिएटरमध्ये तर क्षारांचा थर. वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं की हेच होतं. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नव्हे. त्यातली रसायनं अॅल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवतात आणि काही वर्षांत ती संपतात, म्हणून कूलंट ठरावीक मुदतीनंतर बदलावं लागतं.

मग हेड बाहेर आलं. खरी परीक्षा इथे होती. अॅल्युमिनियम जास्त तापलं की वाकतं, आणि हेड फार वाकलं असेल तर नवं किंवा जुन्या बाजारातलं हेड घ्यावं लागतं. म्हणजे माझे पंचवीस हजार गेले पाण्यात. मामांनी हेड पुसून टेबलावर उलटं ठेवलं, त्यावर तिरकी स्टीलची सरळपट्टी धरली आणि पट्टीखाली फीलर गेजची पाती सरकवायला सुरुवात केली. अशा इंजिनला वाकण्याची सूट असते फक्त ०.०५ मिलिमीटर. आपला केससुद्धा बहुधा याहून जाड भरेल.

लांबीत ठीक. रुंदीत ठीक. एका कर्णावर ०.०५ ची पाती आत गेली.

मी काही बोलले नाही. मामांनी पुढची, ०.०८ ची पाती घेतली. ती अडली.

‘‘एक हलका हात मारला की झालं,’’ ते म्हणाले आणि हेड गोणपाटात गुंडाळून लेथवाल्याकडे पाठवलं. याला फेसिंग म्हणतात. हेडचा पृष्ठभाग किंचित कापून पुन्हा सपाट करायचा. काटा थोडासा वर गेला तेव्हाच गाडी थांबली, म्हणून एवढ्यावर निभावलं. तशीच दामटली असती, तर हे हेड वाचलं नसतं, असं मामांचं मत.

खोललंच आहे तर...

आता यादी करायची वेळ. इथे बहुतेक जण म्हणतात, ‘जेवढं गेलंय तेवढंच बदला.’ पण मजुरीचं गणित बघा. मामांच्या सांगण्यानुसार या इंजिनात वॉटर पंप काढायचा, तर टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो. कॅम आणि क्रँकचे पुढचे ऑइल सील त्याच बेल्टच्या मागे. म्हणजे आज बेल्ट उतरलेला असताना शंभर-दीडशे रुपयांचा सील बदलला नाही आणि तो सहा महिन्यांनी गळला, तर हीच सगळी उठाठेव पुन्हा. तेल गळून नव्या बेल्टवर पडलं, तर बेल्टचंही आयुष्य कमी.

म्हणून यादीत सगळं एकत्र : हेड गॅस्केट, टॅपेट कव्हर आणि मॅनिफोल्डची पॅकिंग, पुढचे सील, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, फॅनचा स्विच, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, रेडिएटर, सगळे होज पाइप आणि क्लिपा. आणि हो, रेडिएटरचं झाकण. ते नुसतं झाकण नसून कुकरची शिट्टी आहे. साधारण ०.९ बारचा दाब ते धरून ठेवतं. त्यामुळे आतलं पाणी १०० अंशांऐवजी ११८-१२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाची स्प्रिंग मेली, तर बाकी सगळं नवं असूनही घाटात पाणी उकळून बाहेर येणार.

खरेदीला मी आणि मामांचा पोऱ्या नाना पेठेत गेलो. पुण्यात गाड्यांचे सुटे भाग हवेत तर नाना पेठ, हे तुम्हाला माहीत असेलच. उत्पादन थांबून इतकी वर्षं झाली, तरी झेनचे हे सगळे भाग एका दुपारी मिळाले. दुकानदाराने एकाच वस्तूचे तीन-तीन भाव सांगितले. गॅस्केट, थर्मोस्टॅट आणि बेल्ट यात मी पैसे वाचवले नाहीत. पक्कं बिल आणि सीलबंद पाकीट, एवढी अट.

जोडणी : सावकाश!

तिसरा दिवस जोडणीचा. इथे घाई करणारा मेकॅनिक असेल, तर त्याला चहा पाजा, पण घाई करू देऊ नका. मामांनी काय काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला तुमच्या गॅरेजमध्ये काय बघायचं ते कळेल.

जुनं पॅकिंग खरवडताना अॅल्युमिनियमला ओरखडा पडू दिला नाही. बोल्टची भोकं कोरडी केली, कारण आत पाणी किंवा तेल राहिलं, तर बोल्ट आवळताना त्या दाबाने ब्लॉकला चीर जाऊ शकते. हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने, मधून कडांकडे ठरलेल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने आवळले. एकदम एकच बोल्ट गच्च आवळला, तर सपाट केलेलं हेड पुन्हा वाकायचं. (अनेक नव्या गाड्यांमध्ये हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते विचारून घ्या.) सीलंट जिथे पाहिजे तिथेच आणि पातळ. जास्त लावलेलं सीलंट आत तुटून पडतं आणि तेलाच्या जाळीत अडकतं.

शेवटी नवं तेल, नवा फिल्टर, कूलंट. मग झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू. आतली हवा बुडबुड्यांनी निघून जाते, पातळी खाली येते, मग पुन्हा भरायचं. रेडिएटरचा पंखा आपणहून चालू झाला आणि बंद झाला, तेव्हा मामांनी झाकण लावलं.

खर्चाचं गणित

पॅकिंग सेट आणि ऑइल सील २,०००, वॉटर पंप १,२५०, थर्मोस्टॅट-झाकण-फॅन स्विच १,१००, रेडिएटर ३,४००, होज पाइप आणि क्लिपा ९००, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर १,५००, तेल-फिल्टर-कूलंट २,४५०, लेथवर फेसिंग ९००, मजुरी ६,८००. एकूण २०,३०० रुपये.

रक्कम छोटी नाही. माझ्या दोन मोठ्या लेखांचं मानधन यात गेलं. पण या बिलात लेथ आणि मजुरीच तिसऱ्या हिश्शाहून जास्त आहे. तुकड्या-तुकड्याने काम केलं असतं, तर तोच हिस्सा दोनदा-तीनदा भरावा लागला असता. दादाला बिलाचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर : ‘‘बरं. पण एसी लावून घाट चढून दाखव.’’

घाटात काटा वर गेलाच तर

तुमची गाडी जुनी असो की नवी, हे पाठ करून ठेवा. काटा वर चढताना दिसला की एसी बंद. हीटर पूर्ण सुरू, उन्हाळ्यात नकोसं वाटलं तरी, कारण तोही एक छोटा रेडिएटरच आहे. सुरक्षित जागा मिळाली की थांबा. काटा लाल पट्ट्यात गेला, तर इंजिन बंद. अर्धा-पाऊण तास कशालाही हात लावायचा नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं, तर उकळतं पाणी आणि वाफ थेट तोंडावर येते. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतलं, तर धातूला चीर जाऊ शकते. आणि सगळं निवल्यावर पाणी भरून पुढे निघालात, तरी तो इलाज नव्हे, फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत जायची सोय आहे.

एरवी महिन्यातून एकदा, सकाळी इंजिन थंड असताना दोन मिनिटं काढा. बाटलीतली कूलंटची पातळी बघा, तेलाची पट्टी बघा, होज पाइप दाबून बघा. पाइप दगडासारखा कडक किंवा फुगलेला लागला तर बदला. बाटलीवर मार्करची रेघ मारा. एवढंच. जिममध्ये सेल्फी काढायला याहून जास्त वेळ लागतो!

दादाची अट मी मे महिन्यात पूर्ण केली. दुपारचे दोन, बाहेर रणरणतं ऊन, पुढे उसाचा ट्रेलर आणि एसी चालू. खंबाटकीच्या माथ्यापर्यंत काटा निम्म्याच्या खालीच होता. साताऱ्यात बाबांनी काही न विचारता बॉनेट उघडलं, नव्या पाइपांवरून हात फिरवला आणि कूलंटच्या बाटलीवरची माझी रेघ बघून म्हणाले, ‘‘हे बरं केलंस. मला कधी सुचलं नाही.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आई मागच्या सीटवर उशी घेऊन बसली. साडेनऊला आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये होतो. वाटेत ती झोपली होती.